सेरवाच्या फिल्मचा आवाज

"बंद पडलं बघ परत," म्हातारी म्हणाली.

पडद्यावर तरुणपणीची अफुआ सेरवा भर बाजारात हसत होती, आणि हसता हसताच गोठली होती. ओपोकूने कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाला हात लावला तर चटकाच बसला.

आता याला काय म्हणावं! अंत्यविधीच्या फिल्मा बनवण्यात घानातल्या या कुमासी शहरात ओपोकूचा हात धरणारा नाही. पण गेल्या खेपेला रेकॉर्डिंग करताना कार्डाचे मूळचे पंखे असे घोंघावले, की म्हातारीचा आवाज गिरणीत उभं राहून बोलल्यासारखा आला. तिने तो साफ नाकारला. म्हणून त्याने ते पंखे उतरवून हा भलामोठा, बिनआवाजाचा कूलर बसवला. शांत होता बेटा, पण थंड करायचं तेवढं विसरला होता.

"डब्यातल्या बाकीच्या पंख्यांचा वेग वाढवतो, आजी."

"म्हणजे परत गिरणी! नको. आज बोलणार आणि दुपारच्या गाडीने गावी जाणार. हे जिने पुन्हा चढणं माझ्याच्याने व्हायचं नाही."

"मग घरातलं दुसरं कुणी बोललं तर?"

"ती सगळी गोडवे गातील नुसते. सेरवा भांडकुदळ होती, कोको तोलताना काटा मारायची, हे कोण सांगेल? खरं सांगणारी मी एकटीच."

अंत्यविधी कधी, ते घरच्यांनी अजून ठरवलं नव्हतं. त्यात नवल नाही, इथे महिनेही लागतात. ओपोकूने पडद्यावरच्या बाईचं नाक पाहिलं, मग म्हातारीचं.

"सख्खी बहीण ना तुमची?"

"फुफूचा गोळा एकाच ताटात खाल्लाय," ती म्हणाली. "तू कामाकडे बघ."

त्याने कूलर उतरवला, कार्डाची उष्णता कूलरकडे नेणारा जुना लेप पुसला, नवा लावला, स्क्रू आवळले. फिल्म लावली. सेरवा पुन्हा तिथेच गोठली. ओपोकूचा धीरच सुटला. म्हातारी हात हलवत गेली असती तर त्याला खरंच वाईट वाटलं असतं.

म्हातारी कंटाळून सोफ्यावर बसली. प्लॅस्टिक करकरलं.

"अरे, लग्नातला सोफा ना हा? प्लॅस्टिक कधी काढणार?"

"बायको काढू देत नाही. नवं ते नवंच राहावं म्हणते. माझीही तीच सवय, फ्रिजवरचं अजून..."

ओपोकू बोलता बोलता थांबला. भराभरा स्क्रू काढले आणि कूलरच्या तांब्याच्या तळावर नख लावलं. प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा अलगद सुटून आला. दोन्ही वेळा त्याने लेप त्याच्यावरच फासला होता!

"हात्तिच्या! मीच गाढव!"

"ते मी मघाशीच ओळखलं होतं," म्हातारी खुशीत म्हणाली.

या वेळी फिल्म अखंड चालली. खोलीत चिटपाखरूही नसल्यासारखी शांतता. म्हातारी फिल्म बघत बोलू लागली. सेरवाने नवऱ्याला भर बाजारात कसं झापलं, तोच नवरा गेल्यावर वर्षभर त्याच्या बाजूला उशी कशी ठेवली, सगळं सांगितलं. ओपोकू हसला, मग त्याचे डोळे भरून आले. एवढं खरं त्याच्या कुठल्याच फिल्ममध्ये कुणी बोललं नव्हतं.

"झकास झालं, आजी! आता शेवटी नावं टाकतो. आवाज कुणाचा लिहू?"

म्हातारीने काठी उचलली, कापड खांद्यावर सारखं केलं.

"लिही, अफुआ सेरवा. आणि फिल्म जपून ठेव रे, मला अजून घाई नाही."