सात हाका

रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन आला, की माझे पहिले दोन प्रश्न ठरलेले: पेशंटचा श्वास चालू आहे का, आणि हाक मारली तर ओ देतो का. दुसऱ्याला "नाही" आलं, की वेळ न घालवता गाडी सोडायची.

सोमवारी माझ्या धाकट्या भावाचाच फोन आला. बाबा जिन्यात कोसळले होते. मी प्रश्न विचारले, गाडी सोडली, पुढचा फोन घेतला. बाबा वाचले.

"मला ओळखलं नाहीस का?" हॉस्पिटलमध्ये भावाने विचारलं.

"पहिल्या शब्दाला ओळखलं."

"मग?"

"मग काय, गाडी पाठवली ना."

बाबांच्या नाकातली नळी बघूनही मला काही वाटलं नव्हतं. दमले असेन, म्हटलं.

शुक्रवारी साहेबांनी तो फोन नव्या मुलींना ऐकवला. "डोकं कसं बर्फासारखं हवं, ते हिच्याकडून शिका." रेकॉर्डिंगमध्ये भाऊ ओरडत होता, "ताई, अगं ताई, मी आहे." सात वेळा. आणि माझा आवाज संथपणे विचारत होता, "पेशंट तुमचे कोण लागतात?" मुली वहीत उतरवून घेत होत्या.

मी बाहेर आले. स्टाफसाठी नेमलेल्या मानसोपचार डॉक्टरांचा नंबर वर्षभर माझ्या टेबलाच्या काचेखाली पडून होता. तो लावला.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"श्वास चालू आहे," मी म्हणाले. "पण हाक मारली तर ओ देत नाही."

"कोण?"

"मी."