रक्तदाबाचा पट्टा

आरोग्य सहायिकांच्या वर्गात कायम पहिली येणारी टॉपर आदिवासी वस्तीवरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत साफ तोंडघशी पडली. तिथली एक आजी दंडाला रक्तदाबाचा पट्टा लावूच देईना. "हात माझा, आवळणार तू? हो बाजूला!" मग शेवटच्या बाकावरची चिमणी पुढे सरसावली. तिनं पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधून रबरी फुगा आजीच्या हाती दिला. "आधी तुम्ही मला आवळून बघा!" आजीनं खदखदून हसत फुगा दाबला, मग आपणहून हात पुढे केला. परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी चिमणीची पाठ थोपटताच टॉपरच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्यात काय मोठंसं! मलाही येतं," म्हणत तिनं पट्टा हिसकावून आपल्या दंडाला बांधला. आजीनं पुन्हा फुगा दाबला. चिमणीनं कानाला नळ्या लावून काटा वाचला. "अगं, तुझाच दाब वाढलाय!" आजीनं सरकून जागा दिली. "बस पोरी. कुणावर जळतेस एवढी?"