जावयाचा अंदाज

“निनाद, सांग, मागच्या भागातल्या खुनाचा खुनी कोण?” टीव्ही लावता लावता गार्गीने नवऱ्याला विचारलं.

“माळी!” जावयाने तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले आणि त्यांनी पापड कडकन मोडला.

गार्गीच्या लग्नाआधी या गुप्तहेर मालिकेतले खुनी नाना ओळखायचे आणि लेक त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहायची. आता दर रविवारी जावई येऊन अचूक अंदाज सांगायचा आणि ते कौतुक त्याच्या वाट्याला जायचं. नानांना ते सहन होईना. म्हणून आज सकाळीच त्यांनी नवा भाग मोबाइलवर गुपचूप पाहून टाकला होता.

“माळी? काहीतरीच तुमचं, नाना!” गार्गी हसली. तिने भाग लावला, तर पडद्यावर एकदम शेवटची नावंच सरकू लागली. दोन्ही घरांचं खातं एकच होतं. मोबाइलवर पाहिलेलं टीव्हीलाही कळतं, हे नानांच्या गावीही नव्हतं.

“हा भाग कुणी आधीच पाहिलाय?” गार्गीचा आवाज चढला.

निनादने सासऱ्यांकडे एकवार पाहिलं. त्यांच्या हातातला पापड तसाच राहिला होता.

“सॉरी, मीच. सकाळी पाहिला,” तो म्हणाला.

“लबाडा! म्हणजे आजवरचे अंदाज असेच होते तर! नाना, तुमच्यासारखं डोकं याला कुठलं?”

लेक पुन्हा पूर्वीसारखी त्यांच्याकडे बघत होती. नाना मात्र मान खाली घालून बसले होते. जावयाने याही वेळी गुन्हेगार अचूक ओळखला होता.