लाल तळवा

बेसबॉलच्या सामन्याचा शेवटचा डाव, जेमतेम एका धावेची आघाडी आणि तिन्ही बेसवर समोरचे गडी. मॅनेजर प्रुइट मैदानाच्या मध्याकडे निघाला. जन्मभर कॅचर म्हणून फलंदाजामागे चेंडू झेलत उकिडवं बसून त्याचे गुडघे कामातून गेले होते. पोचायला वेळच लागला.

"मी ठणठणीत आहे, बॉस," चेंडू टाकणारा पिचर व्हर्न घाईघाईने म्हणाला.

प्रुइटने त्याच्याकडे पाहिलंही नाही. थकलेला पिचर कधी खरं बोलतो? त्याने जवळ आलेल्या कॅचरला विचारलं, "लायल, याचा चेंडू कसा येतोय?"

"नुसती आग आहे!"

"ग्लोव्ह काढ. हात दाखव."

म्हातारा हेच विचारणार, हे सगळ्या संघाला ठाऊक होतं. चेंडूत जोर असेल तर झेलणाऱ्याचा तळवा लाल होतो. लायलचा तळवा लालभडक होता.

व्हर्नने सुटकेचा श्वास सोडला. आज बाहेर काढलं असतं तर उद्या संघातून त्याची घरी रवानगी ठरलेली होती.

प्रुइटने त्या तळव्यावरून अंगठा फिरवला. मग व्हर्नपुढे हात पसरला. "चेंडू दे."

व्हर्न चेंडू देऊन मान खाली घालून मैदानाबाहेर गेला. लायल उसळला, "अहो, हात लाल आहे की!"

"सगळाच लाल आहे. चेंडू लागतो तो फक्त तर्जनीच्या बुडाशी. मी येतोय बघून तू हात मांडीवर आपटलास." प्रुइटने आवाज खाली आणला. "पुढच्या वेळी तेवढ्याच जागी चिमटे काढ. मी खेळायचो तेव्हा माझा मॅनेजर दर वेळी फसायचा."