दृष्टांतांची वही

“हे वाक्य कुठनं आणलंस?” राघोबा मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि इंग्रजी निबंधाची वही हेडमास्तरांच्या टेबलावर आपटली. दौत हिंदकळली.

दहावीतली सोजरा खाली मान घालून उभी. दाराशी तिची आई, सरुबाई. रस्त्याच्या कामावरून तशीच उठून आलेली, पायांवर खडीची धूळ.

“माझंच हाय, सर.”

“तुझं? ‘व्हेन आय स्टॉप रीडिंग, माय मदर्स स्टोन बिकम्स हेवी.’ तुझं?” मास्तर सरुबाईकडे वळले. “कळलं का बाई? ‘मी वाचायची थांबले की आईचं जातं जड होतं.’ अहो, हा माझ्या कीर्तनातला दृष्टांत!”

ते खरंच होतं. राघोबा वीणा घेऊन उभे राहिले की निर्णा काय नि दुबलगुंडी काय, कुठल्याही गावात मारुतीपुढचं पटांगण पुरत नसे. दोन वर्षांपासून एक दृष्टांत तर तालुकाभर गाजत होता. संताची आई दळतेय, लेकरू शेजारी नाम घेतंय. लेकरू थांबलं की माउली म्हणते, ‘थांबू नको रे, जातं जड व्हायलंय.’ तिथं टाळकरीसुद्धा डोळे पुसायचे.

“तुमच्या वस्तीकडंच तोंड असतंय कर्ण्याचं. ऐकायचं, ‘नाम’ काढून ‘वाचन’ घालायचं, इंग्रजी करायचं. देवाच्या दारातली चोरी ही!”

“ऐकू तर येतंयच की, गुरुजी,” सरुबाई म्हणाली. “कानात बोळे घालून बसावं व्हय? पर पोरगी खोटं बोलत न्हाई.”

हेडमास्तर वीरभद्रप्पांनी कपाळ चोळलं. समोर सोजराचा गुलबर्ग्याच्या वसतिगृहाचा अर्ज होता. शाळेतून एकच नाव जाणार होतं, निबंधासकट, चारच्या मोटारीनं. सही तेवढी राहिली होती.

“बुवा, जाऊ द्या की. कीर्तनात तरी कोण कुणाचं नाव सांगायलंय?”

“मी सांगतो!” राघोबांचा आवाज चढला. “हा माझ्या गुरूंच्या तोंडचा दृष्टांत. त्यांना नमस्कार केल्याशिवाय मी तो सांगत नाही. फाडा तो अर्ज!”

“पुरावा हाय का?”

मास्तरांनी पिशवीतून वही काढली. ती सगळ्या शाळेला ठाऊक होती. चांगलं काही दिसलं, ऐकलं की राघोबा त्यात उतरवून घेत. वेळ नसला तर कागदच खळीनं चिकटवत. लग्नपत्रिकेची पाठ, पंचांगाचं पान, कुणाचं पत्र. फुगून फुगून वही उशीएवढी झाली होती. एकदा पाठ झालं की ते पान पुन्हा उघडायची त्यांना गरजच पडत नसे.

मोरपिसाची खूण धरून त्यांनी पान उघडलं आणि न बघताच सोजरापुढे सरकवलं.

“हं. वाच मोठ्यानं. तुझ्या आईला कळू दे, कुणाचं काय चोरलंस ते.”

सोजरानं पानाकडे बघितलं. मग मास्तरांकडे. मग पुन्हा पानाकडे.

“आता कामून दातखीळ बसली?”

वीरभद्रप्पा चष्मा सावरत पुढे वाकले. चिकटवलेला कागद रेघांचा होता, वहीतून फाडलेला. मधल्या ओळीत ‘वाचन’ हा शब्द लाल शाईनं खोडला होता आणि वर राघोबांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नाम’. हेडमास्तरांनी हळूच अर्ज जवळ ओढला.

“वाच की गं,” दारातून सरुबाई म्हणाली. “थांबू नको.”

सोजरानं अगदी वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

“माझी आई. कुमारी सोजरा बाबूलाल. इयत्ता आठवी ब.”