शेंडे आत, बुडखे बाहेर

आई कडब्याच्या गंजीवर उभी होती, मी खालून पेंढ्या देत होते. मोबाइल वाजला. तिच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट बीडहून आला होता. ‘उघडू नको,’ आई वरून म्हणाली. ‘आधी सांग, पुण्यात तू कशाचा अभ्यास करतीस?’ मी पेंढी उचलत सांगितलं. ‘साठ कोटी वर्षांमागं दुसरंच काम करणारं एक प्रोटीन होतं. त्यात बारीकसा बदल झाला अन् ते पेशींना दिशा दाखवायला लागलं. मग पेशी ह्या पेंढ्यांसारख्या रचल्या गेल्या, प्राण्यांची शरीरं झाली.’ ‘एका बदलानं?’ ‘एकाच.’ आईचा हात छातीशी गेला. ‘मंग बिघडायलाबी एकच पुरत असंल.’ मी पुढची पेंढी उलटीच दिली. आईनं ती फिरवली, शेंडे आत घालून गुडघ्यानं दाबली. ‘वाच आता,’ ती म्हणाली. ‘काईबी निघू दे, गंजी आजच पुरी करायची हाय.’