एकोणीस दिवस

"शून्य टाका," शेषराव म्हणाले.

राजापेठेतल्या आपल्या ऑफिसात कर सल्लागार श्याम नितेशचं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरत होता. नितेश हा शेषरावांचा एकुलता एक मुलगा. नांदगाव पेठेच्या कापड गिरणीतली घराजवळची नोकरी सोडून, बापाचं न ऐकता, दोन वर्षांपूर्वी जॉर्डनला गेलेला. तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बंद होतं. पण अमरावतीतला एक गाळा नितेशच्या नावावर होता, त्याचं भाडं येत होतं, म्हणून इथलं रिटर्न भरावं लागायचं. त्याचे कागद घेऊन शेषरावच यायचे. भांडण भांडणाच्या जागी, कागद कागदाच्या जागी, असं त्यांचं म्हणणं.

फॉर्म विचारत होता, गेल्या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहिलात?

"शून्यच," शेषराव पुन्हा म्हणाले. "जानेवारीत त्याच्या मायचं बायपास झालं. तवा नाही आला तो. मंग कवा येते?"

श्यामने मोबाइलवर पासपोर्टचे फोटो उघडले. ते नितेशनेच सकाळी पाठवले होते.

"काका, शून्य नाही चालणार. मुंबईचे शिक्के आहेत ना. अकरा जानेवारीले आला, एकोणतीसले गेला. एकोणीस दिवस झाले."

शेषरावांनी चष्मा पुसून शिक्के पाहिले. मग पुन्हा पाहिले. माणिकबाईंचं ऑपरेशन संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झालं होतं. सव्वीस तारखेपर्यंत त्या दवाखान्यात होत्या. ते सगळे दिवस, जिन्यावर पाऊल वाजलं की शेषराव मान वर करून पाहायचे. पोराचं तोंड पाहणार नाही म्हणणारा हा माणूस पोराचीच वाट पाहत होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हते. आणि पोरगा इथंच होता! मुंबईत, पुण्यात, कुण्या दोस्ताच्या लग्नात नाचत असेल. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. श्याम हाका मारत राहिला, पण ते पायऱ्या उतरूनही गेले होते.

फाटकातूनच त्यांचा आवाज घरात शिरला.

"आयक तुह्या लेकाचे प्रताप! तू मरनाच्या दारात होती, अन् तो इंडियात हिंडून राहिला होता! एक दोन नाही, एकोणीस दिवस! दुश्मनबी येऊन पाहून जाते दवाखान्यात."

माणिकबाई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"लाव त्याले फोन. दोन वर्षं बोललो नाही, आज बोलतो. मेला तू आमाले, एवढंच सांगतो. पुन्हा या घराचं नाव घेऊ नको म्हनाव."

माणिकबाई जागच्या हलल्या नाहीत.

"लाव म्हनतो ना!" शेषरावांनी स्वतःच फोन हातात घेतला. नितेशचा नंबर शोधू लागले.

माणिकबाईंनी उठून तो फोन हिसकावून घेतला. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या हातातलं काही हिसकावलं नव्हतं.

"आला होता तो," त्या ओरडल्या. मोठ्यानं बोलायला डॉक्टरांनी मनाई केली होती. "इथंच, बडनेऱ्याले लॉजवर राहत होता. रोज बारा ते तीन माह्याजवळ बसे. माहे केस विंचरून देल्ले त्यानं. मी तुमाले रोज दुपारी जेवाले घरी कावून हाकलत होती, कयलं आता?"

शेषराव खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. राग अजून चेहऱ्यावर होता, पण आता तो कुणावर काढायचा ते त्यांना सुचेना.

"मंग मले कावून नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कोन्या तोंडानं सांगू? भरती केलं त्या दिवशी काय बोलले होते तुमी? तो आला तर मी उठून चालला जाईन, असं म्हनलं होतं." माणिकबाईंना धाप लागली होती. तरी त्या थांबल्या नाहीत. "छाती फाडाची होती माही. मी वापस येतो का नाही, भरोसा नव्हता. म्हून दिवस वाटून देल्ला तुमा बापलेकाले. मले दोघंबी पायजे होते."